महिनाभर शाकाहार करून पाहायचाय? मग आधी वही आणा

चार आठवडे मांस-मासे बंद केले तर काय होतं, असं कुणालाही विचारा, उत्तरं दोनच प्रकारची येतात. 'अंग हलकं होईल, चेहऱ्यावर तेज येईल' किंवा 'अशक्तपणा येईल, केस गळतील.' चार आठवड्यांत यातलं जवळपास काहीच होत नाही. जे होतं त्यात नाट्य कमी असतं, पण ते मोजता येतं. पोट पहिले काही दिवस कुरकुर करतं, वजनाचा काटा जरासा खाली सरकतो आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल बदलतं. शिवाय हे बदल किती होतील, ते मांस सोडण्यापेक्षा त्याच्या जागी ताटात काय वाढून घेता यावर जास्त ठरतं.

हा लेख नेहमी मांसाहार करणाऱ्या आणि थोडे दिवस शाकाहार करून बघावा असं वाटणाऱ्यांसाठी आहे. कारण धर्म, प्राणिप्रेम, पर्यावरण, नुसती उत्सुकता यांपैकी काहीही असो, इथे आपण फक्त शरीराचं बघणार आहोत.

पायरी १: कोणता शाकाहार आणि किती दिवस

दूध-दही चालणार का? अंडी चालणार का? हे पहिल्या दिवशी ठरवा आणि महिनाभर बदलू नका. दूध, अंडी दोन्ही ठेवलीत तर प्रोटीन आणि बी-१२ यांची चिंता बरीच कमी होते. दूधही सोडलंत तर तो पूर्ण वनस्पतिजन्य आहार झाला. त्यात रक्तातले बदल जास्त ठळक दिसू शकतात, पण नवख्या माणसाला ते ताट नीट लावणं अवघड जातं. पहिल्या खेपेला दूध ठेवावं, असं माझं मत आहे.

मुदत चार आठवड्यांची धरा. आठवड्याभरात फक्त पोटाची गडबड कळते, फायदा दिसायच्या आत प्रयोग संपतो. आहारामुळे कोलेस्टेरॉलमध्ये होणारा फरक साधारण दोन ते चार आठवड्यांत दिसू लागतो, म्हणून चार.

पायरी २: काहींनी आधी डॉक्टरांकडे जायचं

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण वगळू नका.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी अचानक भरपूर पालेभाज्या सुरू करू नयेत. पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते या औषधाच्या विरुद्ध काम करतं. पालेभाजी खायला बंदी नसते, पण तिचं प्रमाण रोज साधारण सारखं हवं, आणि बदल करायचा तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी, करत करायचा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर आहारातलं पिष्ट (कार्बोहायड्रेट) आणि तंतू (फायबर) यांचं गणित बदलल्यावर साखर एकदम उतरू शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळी, कडधान्यं, फळं आणि सुक्या मेव्यातलं पोटॅशियम महागात पडू शकतं. गर्भवती, स्तनपान करणाऱ्या, हिमोग्लोबिन आधीच कमी असलेल्या आणि पूर्वी खाण्याच्या विकारातून गेलेल्या व्यक्तींनी हा प्रयोग मनानं सुरू करू नये. लहान मुलांवर तर असले प्रयोग करूच नयेत.

पायरी ३: सुरुवातीचे आकडे लिहून ठेवा

शीर्षकातली वही इथे लागते. 'बरं वाटतंय' या वाक्यावर विश्वास ठेवू नका. नवा संकल्प केलेल्या प्रत्येकाला पहिले दहा दिवस बरंच वाटत असतं.

वजन सकाळी उठल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी, सलग तीन दिवस घ्या आणि सरासरी लिहा. कंबर बेंबीच्या रेषेत मोजा. रक्तदाब घरी यंत्र असेल तर पाच मिनिटं शांत बसून, ठरलेल्या वेळी, तीन-चार दिवस घ्या. आणि जमलं तर एक लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल आणि चरबीची तपासणी, करून घ्या. महिन्याच्या शेवटी पुन्हा तीच तपासणी त्याच प्रयोगशाळेत करायची आहे, म्हणून दोन्ही वेळी उपाशीपोटीच जा.

एचबीए१सी ही साखरेची तपासणी या कामासाठी करू नका. ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे चार आठवड्यांचा बदल तिच्यात अर्धवटच उतरतो. हिमोग्लोबिनचंही तसंच. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, महिन्याभरात त्यांची पिढीसुद्धा बदलत नाही. मात्र बी-१२ कधीच तपासलं नसेल तर ही संधी आहे. ते महिन्याभरात घसरेल म्हणून तपासायचं नाही, आधीच कमी आहे का ते कळावं म्हणून तपासायचं.

आणखी एक पथ्य: या महिन्यात दुसरं काही नवीन सुरू करायचं नाही. शाकाहारासोबत जिम सुरू केली, दारू सोडली, रात्रीचं जागरण थांबवलं, तर शेवटी फरक कशाने पडला ते कुणालाच सांगता येणार नाही.

पायरी ४: ताट लावणं

खरा खेळ इथे आहे. मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा ताटातलं मांस काढलं आणि उरलेलं तसंच ठेवलं. भूक लागायची म्हणून बटाटा, पाव, चीज आणि बिस्किटं वाढली. महिन्याअखेर वजन दीड किलोने वर गेलं आणि मी शाकाहाराला नावं ठेवत मोकळा झालो. दोष शाकाहाराचा नव्हता. मैदा, साखर आणि तळलेले पदार्थसुद्धा शाकाहारीच असतात, हे तोवर डोक्यात शिरलं नव्हतं.

मांसाच्या जागी डाळ किंवा कडधान्य येतं, भाजी येत नाही. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी निम्मं काम झालं. भाजी आधीही हवी होती, आताही हवी आहे, पण ती प्रोटीनची जागा भरून काढत नाही.

हिशोब करून बघू. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे साधारण ०.८ ग्रॅम प्रोटीन पुरतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला पन्नासेक ग्रॅम. शिजवलेल्या १०० ग्रॅम डाळीत किंवा हरभऱ्यांत जवळपास ९ ग्रॅम असतं. दिवसभरात दोन मोठ्या वाट्या म्हणजे २०० ग्रॅम शिजलेली डाळ धरली तर १८. दूध-दही मिळून ४०० मिलिलिटर धरलं तर १३. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे धरले तर ७. उरलेलं १५ ते २० ग्रॅम दिवसभराच्या धान्यातून येतं. झाले पन्नासाच्या वर. अंडं घेत असाल तर एका अंड्यात ६ ग्रॅम. वाळलेल्या सोयाबीनमध्ये तर १०० ग्रॅममागे ३५ ग्रॅमच्या आसपास असतं. मात्र पाणीदार आमटी एक डाव घेऊन 'डाळ खाल्ली' म्हणत असाल, तर या हिशोबात तुम्ही नापास आहात.

धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळींत मेथिओनिन कमी असतं. दोन्ही खाल्लं की एकमेकांची उणीव भरून निघते. ती एकाच घासात भरून निघायला हवी असं नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की पुरे.

खोटं मांस, म्हणजे मांसासारखे दिसणारे तयार पदार्थ, अडीनडीला ठीक आहेत. पण पाकिटामागचा मिठाचा आकडा वाचा. बऱ्याच पदार्थांत तो चढा असतो, आणि रोज तेच खाल्लं तर रक्तदाबाचा फायदा तिथेच अडतो.

पायरी ५: पहिला आठवडा, म्हणजे पोटाचा आठवडा

गॅस होणार. पोट फुगणार, गुडगुडणार, शौचाच्या वेळा बदलणार. यातच निम्मे लोक 'मला डाळी पचत नाहीत' असं जाहीर करून प्रयोग सोडतात, म्हणून हे का होतं ते थोडं सविस्तर.

डाळी-कडधान्यांत काही शर्करा अशा असतात की त्या फोडणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसतं. त्या आणि बरेचसे तंतू जसेच्या तसे मोठ्या आतड्यात पोचतात. तिथले जिवाणू ते आंबवतात. त्यातून वायू तयार होतो, आणि ब्युटिरेटसारखी आम्लंही तयार होतात, ज्यांच्यावर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. म्हणजे त्रास आणि फायदा एकाच चुलीवर शिजतो. आहार बदलल्यावर आतड्यातली जिवाणूंची वस्ती काही दिवसांतच बदलू लागते. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांचा गॅस बराच कमी होतो.

तोपर्यंत काय करायचं? उतावळेपणा करायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू खावेत, पण तुम्ही आतापर्यंत त्याच्या निम्मेच खात असाल तर एका दिवसात तिथे उडी मारू नका. पहिले तीन दिवस दिवसातून एकदाच कडधान्य, तेही थोडं. सालं काढलेल्या डाळींपासून सुरुवात करा, अख्खी कडधान्यं दुसऱ्या आठवड्यात आणा. भिजवलेलं पाणी फेकून ताज्या पाण्यात शिजवा, मऊ होईपर्यंत. तंतू वाढवताना पाणीही वाढवा. नाहीतर गॅसऐवजी बद्धकोष्ठ होईल, आणि त्याचं खापर पुन्हा शाकाहारावर फुटेल.

राजमा पहिल्यांदाच शिजवणार असाल तर थांबा, हे वाचा. कच्च्या आणि अर्धवट शिजलेल्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रोटीन असतं. ते पोटात गेलं तर एक ते तीन तासांत जोरदार मळमळ, उलट्या आणि मग जुलाब होतात, आणि त्यासाठी मोजके चार-पाच दाणेही पुरतात. किमान पाच तास, शक्यतो रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात खळखळून उकळत किमान अर्धा तास शिजवा. प्रेशर कुकर असेल तर प्रश्नच नाही. मंद आचेवर तासन् तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा टाकू नका. तिथलं तापमान ते विष नष्ट होण्याइतकं चढेलच असं नाही.

ज्यांचं आतडं मुळातच हळवं आहे, ज्यांना आयबीएस (वारंवार पोट बिघडवणारा आतड्याचा विकार) असल्याचं निदान झालं आहे, त्यांचा त्रास महिनाभरातही कमी होईलच असं नाही. त्यांनी कडधान्यांचा भार कमी करून दही चालत असेल तर दही, अंडी, टोफू यांवर भर द्यावा. पोट तीव्र दुखत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा ताप असेल, तर मात्र तो 'सवय होण्याचा' भाग नव्हे.

पायरी ६: मधले दोन आठवडे

वजन बघून हुरळू नका. पहिल्या आठवड्यात गेलेला किलो-दीड किलो बहुतेक पाणी असतं. पिष्ट कमी खाल्लं गेलं तर शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा उतरतो, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत अंदाजे तीन ग्रॅम पाणीही जातं. मीठ कमी झालं तरी पाणी जातं. त्यानंतर जे वजन हळूहळू उतरतं ते खरं. ते उतरतं कारण तंतू आणि पाणी असलेल्या जेवणाने तेवढंच पोट भरलं तरी उष्मांक कमी जातात. शाकाहारात चरबी जाळणारी कुठली जादू नाही.

भूक लवकर लागते? ताटातली डाळ वाढवा किंवा दाणे, तीळ, बदाम असं काहीतरी घाला. गळून गेल्यासारखं वाटतं? बहुतेक वेळा तुम्ही कमी खात असता एवढंच. मांस काढल्यावर ताटातले दोन-तीनशे उष्मांक गेलेले असतात आणि त्यांची जागा काकडीने घेतलेली असते. लोह संपलं म्हणून हा थकवा येत नाही. साठा असा आठवड्यात रिता होत नसतो.

तरी लोहाची एक सवय आत्ताच लावून घ्या. मांसातलं लोह शरीर सहज शोषतं, वनस्पतींतलं बरंच कमी. पण त्याच जेवणात लिंबू, पेरू, टोमॅटो, सिमला मिरची असं क जीवनसत्त्वाचं काही असलं की शोषण वाढतं. उलट, जेवणाबरोबरचा चहा किंवा कॉफी ते चांगलंच घटवते. चहा सोडायला कुणी सांगत नाही, जेवणापासून तास-दीड तास लांब ठेवा. कडधान्यं भिजवून मोड आणली तर त्यातलं लोह-जस्ताचं शोषण अडवणारं फायटेट कमी होतं आणि लोहासोबत जस्तही जास्त मिळतं.

वजनं उचलणाऱ्यांसाठी एक टीप. स्नायूंना झटपट ताकद पुरवणारं क्रिएटिन आहारातून येतं ते जवळजवळ फक्त मांस-माशांतून. शरीर स्वतःही ते बनवतं, पण मांस सोडल्यावर काही आठवड्यांत स्नायूंतला साठा थोडा उतरतो. रोजच्या चालण्या-फिरण्यात हे जाणवणारही नाही. अगदी जोर लावायच्या शेवटच्या दोन उचलींत कदाचित जाणवेल.

आणि एक गंमत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात १७ पुरुषांना दोन आठवडे लाल मांसासह आणि दोन आठवडे मांसाविना जेवण दिलं होतं. त्यांच्या काखेतल्या घामाचा वास स्त्रियांना हुंगायला दिला, तेव्हा मांसाविना काळातला वास जास्त सुखद ठरला. एवढ्याशा प्रयोगावरून कुणी मोठा निष्कर्ष काढू नये, पण महिनाभर टिकून राहायला कारण हवं असेल तर हेही चालेल.

पायरी ७: चौथा आठवडा आणि रिपोर्ट

आता दुसऱ्यांदा लिपिड प्रोफाइल. सगळ्यात आधी एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, बघा. मांस आणि तुपा-लोण्यातली संपृक्त चरबी कमी झाली की यकृत रक्तातलं एलडीएल जास्त जोमाने उचलतं. दुसरीकडे डाळी, ओट, फळं यांतले पाण्यात विरघळणारे तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतात, आणि नवी पित्ताम्लं बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. दोन्ही बाजूंनी आकडा खाली येतो.

किती खाली? २०२३ साली ३० नियंत्रित चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात शाकाहारी आणि पूर्ण वनस्पतिजन्य आहारांनी एलडीएल सरासरी ०.३० मिलिमोल प्रति लिटर, म्हणजे सुमारे १२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर उतरलं. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी एकसारख्या जुळ्यांच्या २२ जोड्या घेऊन आठ आठवड्यांची चाचणी केली. जोडीतल्या एकाला पूर्ण वनस्पतिजन्य, दुसऱ्याला मांसासह पण चौरस आहार. पहिल्या गटाचं एलडीएल सुमारे १११ वरून ९६ च्या आसपास आलं, दुसऱ्याचं जेमतेम दोनेक अंकांनी उतरलं. इथे दूधही बंद होतं, हे विसरू नका. तुम्ही मांसाच्या जागी चीज घातलं असेल तर असा आकडा मिळणार नाही.

ताटात काय आलं याला किती महत्त्व आहे, हे २००३ सालच्या एका कॅनेडियन चाचणीत छान दिसतं. कोलेस्टेरॉल चढलेल्या ४६ जणांपैकी काहींना महिनाभर शाकाहारी पण मुद्दाम निवडलेले पदार्थ दिले: सोया, बदाम, चिकट तंतूंचे ओट-बार्ली आणि वनस्पतिजन्य स्टेरॉल. त्यांचं एलडीएल सुमारे २९ टक्के उतरलं. नुसता कमी संपृक्त चरबीचा आहार घेणाऱ्यांचं ८ टक्के. आहारासोबत स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी घेणाऱ्यांचं ३१ टक्के. हे वाचून आपली गोळी बंद करायची नाही. त्या लोकांचं जेवण संशोधकांनी मोजूनमापून ठरवलेलं होतं, तुमचं नाही.

रक्तदाबात फरक असतो, पण लहान. २०१४ साली सात चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात वरचा आकडा सरासरी ४.८ आणि खालचा २.२ अंकांनी कमी आढळला. ज्यांचा मुळात नॉर्मल आहे त्यांना बहुधा फारसं काही दिसणार नाही.

मूत्रपिंडाचं काम जोखायला बघतात ते क्रिएटिनिन रिपोर्टमध्ये कमी दिसलं तर मूत्रपिंड सुधारलं असा अर्थ काढू नका. शिजवलेलं मांस खाल्ल्याने तो आकडा थोडा चढतो, मांस बंद झाल्यावर उतरतो, मूत्रपिंड आहे तिथेच असतं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) वाढलेली दिसली तर मात्र ताटाकडे परत बघा: साखर, मैदा, फळांचे रस वाढले आहेत का?

महिन्यात जे कळत नाही

बी-१२ वनस्पतींत भरवशाचं नसतं, पण प्रौढाच्या शरीरात त्याचा २ ते ५ मिलिग्रॅम साठा असतो आणि रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅमच आहे. त्यामुळे साठा भरलेला असेल तर एका महिन्याने काही बिघडत नाही, कमतरता व्हायला वर्षं लागतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांचा साठा मात्र आधीच रोडावलेला असू शकतो. म्हणून वर तपासणी सुचवली.

केस गळायला लागले तर त्याचं कारण साधारण दोन-तीन महिने मागे शोधा, या महिन्यात नको. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं म्हणाल, तर प्रक्रिया केलेल्या मांसाला २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने निश्चित कारकांत टाकलं आहे. पण तो धोका वर्षानुवर्षांच्या खाण्याने साठत जातो. महिन्याच्या सुट्टीने तो किती घटला, हे कुठलीही तपासणी सांगणार नाही.

पायरी ८: महिना संपल्यावर

पुढे चालू ठेवायचं असेल तर बी-१२ ची गोळी किंवा ते मुद्दाम घातलेले पदार्थ कायमचे सुरू करा. अंडी-दूध थोडं घेणाऱ्यांनीही वर्षातून एकदा तपासावं. मासे सोडणार असाल तर जवस, अक्रोड यांतून ओमेगा-३ मिळतं, पण शरीर त्यातला फारच थोडा भाग माशांतल्या प्रकारात बदलू शकतं. मीठ आयोडीनयुक्तच वापरा.

परत मांसाहाराकडे जायचं असेल तरी घाबरू नका. महिन्याभरात पोट मांस पचवायला विसरत नाही. प्रोटीन पचवणारी विकरं डाळीसाठीही तीच असतात. फक्त पहिल्याच दिवशी तेलकट मेजवानी झोडू नका. जड वाटलंच तर ते चरबीमुळे असेल.

आणि खिशाला परवडत असेल तर, परत मांसाहार सुरू केल्यावर चार आठवड्यांनी तिसऱ्यांदा लिपिड प्रोफाइल करा. एकाच माणसाचं एलडीएल काही न बदलताही पाच-दहा टक्क्यांनी वर-खाली होत असतं, त्यामुळे पहिल्या दोन रिपोर्टांतला आठ-दहा अंकांचा फरक योगायोगही असू शकतो. आकडा शाकाहारात उतरला आणि नंतर पुन्हा चढला, तर तो तुमच्या ताटामुळेच हलला असं मानायला आधार मिळतो. तीनही रिपोर्ट वहीत एका ओळीत लिहा, शेजारी त्या-त्या महिन्यात काय खात होतात ते लिहा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या.